त्सुकुबाशेजारचे पुराणिक सर

२०२१ साली जपानच्या इबाराकी प्रांताने एक जाहिरात काढली. सरकारी शाळांना मुख्याध्यापक हवे होते. शाळेत शिकवल्याचा अनुभव नसला तरी चालणार होता आणि शिक्षकाच्या परवान्याचीही अट नव्हती. कंपन्यांत, बँकांत, उद्योगात मुरलेली माणसं मुद्दाम हवी होती. उमेदवार गोळा करायला नोकरभरती करणाऱ्या एका खासगी कंपनीची मदत घेतली गेली आणि सोळाशेहून जास्त अर्ज आले. निवडले गेले तिघे. त्यात एक नाव होतं योगेंद्र पुराणिक. जन्म १९७७, गाव अंबरनाथ.

अशी बातमी आली की आपल्याकडे ‘मराठी माणसाने झेंडा रोवला’ असा मथळा ठरलेला असतो. अभिमान वाटणं साहजिकच आहे, पण त्या मथळ्यात खरी गंमत हरवते. ज्याने संगणकाचं काम केलं, बँकेत नोकरी केली, कुटुंबाचं हॉटेल काढलं आणि नगरसेवकपदही भोगलं, असा माणूस सोळा-सतरा वर्षांच्या जपानी मुलांसमोर नेमकं काय घेऊन उभा राहतो? आणि शिक्षणाच्या बाबतीत इतक्या काटेकोर देशातल्या एका प्रांताला असा माणूस हवासा का वाटतो?

त्याचं निम्मं उत्तर नकाशात आहे.

टोकियोच्या आकिहाबारा स्टेशनातून त्सुकुबा एक्स्प्रेस पकडली की पंचेचाळीस मिनिटांत त्सुकुबा येतं. ही लाइन २००५ साली सुरू झाली. तोवर त्सुकुबा म्हणजे राजधानीपासून साठेक किलोमीटरवर, ८७७ मीटर उंचीच्या दुहेरी शिखरांच्या डोंगराखाली सरकारने कागदावर आखून उभारलेलं गाव होतं. १९६३ साली मंत्रिमंडळाने ठरवलं की टोकियोतल्या संशोधन संस्था तिथली गर्दी सोडून इथे हलवायच्या. मग एकेक संस्था येत गेली. उच्च ऊर्जा भौतिकीची प्रयोगशाळा आली, अवकाश केंद्र आलं, १९७३ मध्ये विद्यापीठ आलं आणि १९८५ मध्ये विज्ञानाचं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याला दोन कोटींवर लोक येऊन गेले. त्सुकुबा हे ‘शहर’ म्हणून कागदोपत्री जन्मलं ते त्यानंतर, १९८७ साली, आसपासची गावं एकत्र करून. आज वस्ती अडीच लाखांवर आहे, आणि त्यात शंभराहून जास्त देशांतून आलेले दहा हजारांवर परदेशी आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही इथल्या ‘बेल’ या कणभौतिकीच्या प्रयोगात वर्षानुवर्षं सहभागी आहेत.

थोडक्यात, त्सुकुबात जुना गावकरी शोधावा लागतो. शेजारचं त्सुचिउरा नेमकं उलट. दहा किलोमीटरवरचं हे गाव म्हणजे किल्ल्याचं, बाजारपेठेचं, कासुमिगाउरा तळ्याकाठचं जुनं गाव. कमळकाकडीच्या उत्पादनात देशात पहिलं, आणि १९२५ पासून चालत आलेल्या आतषबाजीच्या स्पर्धेसाठी प्रसिद्ध. या गावात १८९७ साली सुरू झालेली एक शाळा आहे, प्रांताची त्सुचिउरा प्रथम उच्च माध्यमिक शाळा. तिची १९०४ सालची लाकडी, गॉथिक धाटणीची इमारत आज राष्ट्रीय वारसा आहे. त्सुकुबातल्या संशोधकांची, प्राध्यापकांची मुलं दहावीच्या वयात प्रवेश परीक्षा देऊन जिथे जायची धडपड करतात, अशा शाळांत हिचं नाव वरचं. प्रांतातल्या सर्वांत हुशार मुलांची शाळा म्हणून तिचा दबदबा आहे. २०२१ पासून तिला जोडून एक कनिष्ठ माध्यमिक शाळाही निघाली.

पुराणिकांची नेमणूक झाली ती या शाळेवर. एप्रिल २०२२ मध्ये उपमुख्याध्यापक, एप्रिल २०२३ मध्ये मुख्याध्यापक.

आता माणसाकडे वळू. पुराणिकांचं जपानी पुण्यात सुरू झालं. पुण्यात जपानी शिकणं ही गोष्ट एके काळी हौशी मंडळींची होती. नव्वदच्या दशकात रानडे इन्स्टिट्यूटमधले आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठातले जपानीचे वर्ग भरू लागले, आणि पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी त्या भाषेला पगार जोडला. जपान म्हटलं की पु. लं.च्या ‘पूर्वरंग’मधला जपान आठवणारी पिढी तोवर वडीलधारी झाली होती, आणि तिची मुलं परीक्षांच्या पातळ्या मोजत होती. पुराणिक याच लाटेतले. विद्यार्थी म्हणून १९९७ आणि १९९९ मध्ये जपानला जाऊन आले आणि २००१ मध्ये कामासाठी गेले ते तिथेच राहिले. पुढे मिझुहो आणि राकुतेन या बँकांत त्यांनी काम केलं.

राहायला त्यांनी निवडलं टोकियोच्या पूर्व टोकाचं निशि-कासाई. एदोगावा वॉर्डातल्या या वस्तीला आज लोक ‘लिटिल इंडिया’ म्हणतात, पण ती काही कुणी ठरवून वसवली नाही. २००० साल उजाडताना जगभरच्या संगणकांना तारखेचा घोळ होणार, या धास्तीने जपानी बँकांनी भारतीय अभियंते बोलावले. त्यांना घर मिळेना. जपानमध्ये भाड्याचं घर म्हणजे जामीनदार आणा, घरमालकाला ‘आभाराचे’ पैसे द्या, आणि त्यातून परदेशी म्हटलं की घरमालकाचा चेहरा उतरतो. निशि-कासाईत मात्र सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारती होत्या, जिथे यातलं काहीच लागत नव्हतं. शिवाय तोझाई लाइनने बँकांच्या भागात थेट जाता येत होतं. तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून राहणारे कोलकात्याचे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी या पोरांच्या जेवणाची सोय केली आणि वस्ती वाढत गेली.

जपानमधल्या भारतीयाची ओळख बहुतेक वेळा ताटापासून सुरू होते, हा तर जुनाच शिरस्ता. क्रांतिकारक रासबिहारी बोस टोकियोत आश्रयाला गेले आणि त्यांनी सासऱ्यांच्या ‘नाकामुराया’त १९२७ साली भारतीय करी आणली. स्वातंत्र्यलढ्यातलेच ए. एम. नायर यांनी १९४९ मध्ये गिंझात उपाहारगृह काढलं. ते अजून चालू आहे. पुराणिकांच्या घरानेही निशि-कासाईच्या परिसरात ‘रेका’ नावाचं हॉटेल काढलं, आईच्या नावाचं आणि आईच्या हाताचं. बटर चिकन आणि नान म्हणजेच भारत, असं समजणाऱ्या जपानी गिऱ्हाइकासमोर मराठी घरगुती जेवण ठेवण्याचा हा उद्योग. धंद्याच्या हिशेबाने यात शहाणपण किती, हा वादाचा मुद्दा आहे. पण हॉटेल चालवणारा माणूस परवाना देणाऱ्या कार्यालयापासून भाजीवाल्यापर्यंत आणि शेजारच्या आजींपासून तक्रार करणाऱ्या वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ओळखू लागतो. कंपनीच्या ओळखपत्रावर जगणाऱ्या अभियंत्याला हे शेजारपण सहसा मिळत नाही. पुढे निवडणुकीत उपयोगी पडलं ते हेच.

२०११ च्या मार्चमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाची अणुभट्टी फुटली. हजारो परदेशी मायदेशी परतले. पुराणिक थांबले, मदतकार्यात उतरले आणि २०१२ मध्ये त्यांनी जपानचं नागरिकत्व घेतलं. जपानी कायद्यात पाच वर्षांचा निवास, चांगली वागणूक, कमाईचं साधन अशा अटी आहेत आणि आधीचं नागरिकत्व सोडावं लागतं. आपला कायदाही दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करणं आलंच. परदेशस्थ मराठी घरांत या एका निर्णयावर वर्षानुवर्षं खल चालतो.

या निर्णयाचं शाळेशी काय नातं, असं वाटेल. आहे, आणि घट्ट आहे. जपानच्या सरकारी शाळेत परदेशी नागरिक शिकवू शकतो, पण १९९१ च्या सरकारी सूचनेनुसार त्याचं पद ‘कायम व्याख्याता’ इतकंच राहतं. व्यवस्थापनाच्या जागा त्याला बंद असतात, कारण सार्वजनिक अधिकार वापरणाऱ्या पदावर नागरिकच हवा अशी सरकारची भूमिका आहे. जपानमध्ये जन्मलेल्या, जपानीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही ही भिंत आडवी येते. पुराणिकांची वाट २०१२ मध्येच मोकळी झाली होती, फक्त ते त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा वॉर्डाच्या सभागृहासाठी उभे राहिले, संवैधानिक लोकशाही पक्षातर्फे. परदेशी नागरिकांना जपानमध्ये कुठल्याच निवडणुकीत मत नाही. निशि-कासाईतले हजारो भारतीय टाळ्या वाजवू शकत होते, शिक्का मारू शकत नव्हते. खरं तर शिक्का तिथे नसतोच. मतदाराला उमेदवाराचं नाव हाताने लिहावं लागतं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘योगी’, जपानी लिपीत दोनच अक्षरं. ६,४७७ मतं पडली. चव्वेचाळीस जागांत त्यांचा क्रमांक पाचवा आला. ही मतं जपानी शेजाऱ्यांची होती. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिलीच वेळ.

दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ते टोकियो महानगराच्या विधानसभेला उभे राहिले आणि पडले. अभिनंदनाच्या लेखांतून हा पराभव बहुधा गाळला जातो. पण निवडून आले असते तर इबाराकीच्या जाहिरातीला अर्ज करायला मोकळे राहिले असते का?

जपानमध्ये शाळेबाहेरचा मुख्याध्यापक आणायची मुभा २००० सालच्या नियमबदलाने मिळाली. त्यामागचा विचार साधा होता. शिक्षक ते वरिष्ठ शिक्षक ते उपमुख्याध्यापक अशा एकाच जिन्याने वर आलेल्या माणसाला शाळेबाहेरचं जग कमी दिसतं. पहिलं गाजलेलं उदाहरण म्हणजे काझुहिरो फुजिहारा. रिक्रूट कंपनीतले हे गृहस्थ २००३ मध्ये टोकियोच्या सुगिनामी वॉर्डातल्या वादा शाळेचे मुख्याध्यापक झाले. ‘जग’ हाच विषय करून त्यांनी तास घेतले. हॅम्बर्गरचं दुकान कुठे काढावं, इथपासून चर्चा सुरू व्हायची आणि गावातले मोठेही वर्गात येऊन बसायचे. पण त्याच वर्षी हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची इथे बँकेतून आलेल्या एका मुख्याध्यापकाने आत्महत्या केली. शाळेची भाषा, शिक्षकांच्या संघटना, पालक, वरचं कार्यालय या सगळ्यांच्या मध्ये तो माणूस एकटा पडला होता. बाहेरचा माणूस आणला की वारा येतो, हे खरं. पण दारं-खिडक्या उघडणारे हात शाळेतलेच लागतात. पुराणिकांना आधी वर्षभर उपमुख्याध्यापक म्हणून ठेवलं, त्यामागचं शहाणपण इथे दिसतं.

ते रुजू झाले तो एप्रिल २०२२ जपानच्या किशोरवयीन मुलांसाठी मोठा महिना होता. एक तारखेपासून कायद्याने सज्ञान होण्याचं वय वीसवरून अठरावर आलं. मतदानाचं वय त्याआधी, २०१६ मध्येच, अठरा झालं होतं. म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गात, गणवेशात बसलेला मुलगा आता स्वतःच्या सहीने करार करू शकतो, मत देऊ शकतो. त्याच महिन्यात उच्च माध्यमिकचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात स्वतः प्रश्न निवडून शोध घेण्याचे तास आले, नागरिकशास्त्रात ‘सार्वजनिक’ नावाचा सक्तीचा विषय आला, संगणकाचा विषय सगळ्यांना लागू झाला आणि गृहविज्ञानात बचत-गुंतवणुकीचे धडे आले. आणखी एक योग म्हणजे त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्सुकुबाला ओसाकाबरोबर ‘सुपर सिटी’, म्हणजे नियम सैल करून नवं तंत्रज्ञान आजमावण्याची जागा, ठरवलं, आणि नोव्हेंबरात नवउद्योगांची पंचवार्षिक योजना जाहीर झाली. मुलांना उद्योजकतेचं शिक्षण शाळेपासून द्यायचं, हे तिच्यात होतं. त्सुकुबाला हे नवं नव्हतं. तिथल्या विद्यापीठाचे प्राध्यापक योशियुकी सांकाई यांनी २००४ मध्येच ‘सायबरडाइन’ काढली होती. अंगावर चढवायचा, चालायला मदत करणारा यंत्रपोशाख बनवणारी ही कंपनी.

कायदे बदलले, अभ्यासक्रम बदलला, पण मुलांच्या मनाचं काय? निप्पॉन फाउंडेशनने २०१९ मध्ये नऊ देशांतल्या सतरा ते एकोणीस वयाच्या, प्रत्येकी एक हजार मुलामुलींना काही प्रश्न विचारले होते. ‘मी माझा देश, समाज बदलू शकतो’ असं म्हणणारे जपानमध्ये १८.३ टक्के निघाले. भारतात ८३.४. जपान तळाला होता, भारत माथ्यावर. यावरून लगेच छाती फुगवायचं कारण नाही. इंटरनेटवरून उत्तर देणारा भारतीय मुलगा साऱ्या भारताचा प्रतिनिधी नव्हे, आणि ‘हो, करू की’ म्हणण्यात आपण कधीच मागे नसतो. पण जपानचा आकडा जपानी लोकांनाच टोचला. ज्यांनी परीक्षा पार केली, ज्यांच्याकडे ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, शेजारी अवकाश केंद्र आहे, त्या मुलांनाही आपल्या हातात काही आहे असं वाटत नसेल, तर आणखी शिकवण्या लावून काय होणार?

या चौकटीत पुराणिकांची नेमणूक ठेवून पाहावी. तरुणांना मार्गदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं व्यासपीठ. यशस्वी उद्योजक, हातात माइक, पडद्यावर फोटो, शेवटी सेल्फी. इथे तसं नाही. मुख्याध्यापक रोज शाळेत येतो. शिक्षकांची वेळापत्रकं, क्लब, प्रवेश परीक्षा, छपराची गळती, पालकांचे फोन हे सगळं त्याच्या टेबलावर असतं. ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकाचा आठवडा छप्पन्न तासांचा निघाला, सहभागी देशांत सर्वांत लांब. सरासरी अडतीसच्या आसपास होती. दमलेला शिक्षक मुलाच्या वेड्यावाकड्या प्रश्नापाशी थांबू शकत नाही. त्यामुळे ‘नेतृत्व घडवणं’ या भारदस्त शब्दांचा शाळेतला अर्थ बऱ्याचदा शिक्षकाचे दोन तास मोकळे करणं इतकाच असतो, आणि तेच सर्वांत कठीण काम. बँकेतून, धंद्यातून आलेल्या माणसाला तासांचा हिशेब दिसतो. वॉर्डाच्या सभागृहात बसलेल्याला पैसा कुठून मागायचा ते कळतं. मार्गदर्शक म्हणून पुराणिकांकडे असलेलं भांडवल मला तरी इथे दिसतं. ‘भारतीय मुलं गणितात हुशार असतात’ या जपानी समजुतीत नाही.

दुसरं भांडवल नुसत्या असण्याचं आहे. प्रांतातल्या मानाच्या शाळेत, सव्वाशे वर्षांच्या परंपरेच्या खुर्चीत, पंचविशीत या देशात आलेला, निवडणूक जिंकलेला आणि हरलेला माणूस बसलेला रोज दिसणं, हा मुलांसाठी एक वेगळाच धडा. वाट बदलली तरी आयुष्य संपत नाही, हे त्यांना भाषणातून सांगावं लागत नाही. आपल्याकडे उलटं करून पाहा. ओसाकात जन्मलेली, भारताचं नागरिकत्व घेतलेली, अस्खलित मराठी बोलणारी बाई पुण्याच्या एखाद्या शंभरी ओलांडलेल्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, तर पालकसभेत पहिला प्रश्न काय येईल?

शिक्षणाच्या बाबतीत जपान-महाराष्ट्र देवघेव तशी जुनी आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, आणि तिच्या प्रेरणेतून १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एसएनडीटी. त्सुकुबा विद्यापीठाचीही एक परंपरा आहे. त्याच्या पूर्वज संस्थेचे, टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे, प्रमुख होते जिगोरो कानो. जग त्यांना जुदोचे जनक म्हणून ओळखतं, पण त्यांचा मोठा काळ शिक्षक घडवण्यात गेला. १८९६ मध्ये चीनमधून आलेल्या तेरा विद्यार्थ्यांची जबाबदारी त्यांनी घेतली. त्यातून पुढे परदेशी मुलांसाठी जी संस्था निघाली, तिथे लेखक लू शुनही शिकले. बाहेरच्या पोरांना वर्गात घेण्याची सुरुवात त्या शिक्षकपरंपरेत सव्वाशे वर्षांपूर्वी झाली होती. बाहेरच्या माणसाला मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवायला मात्र बराच वेळ गेला.

आणि अजून एक बाजू आहे, जी या कौतुकात दिसेनाशी होते. इबाराकी म्हणजे फक्त त्सुकुबा नव्हे. हा मोठा शेतीचा प्रांत आहे. त्याच्या भाजीच्या मळ्यांत, काचघरांत, अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत हजारो परदेशी मजूर राबतात. त्सुकुबाच्या पश्चिमेला, फार लांब नव्हे, जोसो शहरात ब्राझीलमधून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जपानी कायद्यात सक्तीचं शिक्षण नागरिकांच्या मुलांना लागू आहे. परदेशी मूल शाळेत आलं तर घेतात, नाही आलं तर कुणी कायद्याने ओढून आणत नाही. २०१९ मध्ये सरकारने पहिल्यांदा देशभर मोजणी केली, तेव्हा शाळेबाहेर असण्याची शक्यता असलेली किंवा ठावठिकाणा न लागलेली परदेशी मुलं जवळपास वीस हजार निघाली.

त्सुचिउरा प्रथमच्या दारातून आत जायला जपानी भाषेतली अवघड प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संशोधकाच्या मुलाला त्या परीक्षेपर्यंत पोहोचवणारे आईवडील असतात, शिकवणी असते, पुस्तकांनी भरलेलं घर असतं. मळ्यातल्या मजुराचं मूल तिथवर जाण्याआधीच कनिष्ठ माध्यमिकच्या वर्गात भाषेपाशी अडतं. जपानी शिकवणारे जास्तीचे शिक्षक, परदेशी मुलांसाठी वेगळी प्रवेशपद्धत, पालकांच्या भाषेत बोलणारा माणूस, या गोष्टींना दरवर्षी अंदाजपत्रकात जागा लागते, आणि ती जागा मुख्याध्यापकाच्या खोलीत नव्हे, प्रांताची राजधानी असलेल्या मितोत ठरते.